निरोपाची ओव्हर

आकाराम विकेटकीपिंगसाठी डाव्या पायाच्या पॅडचा पट्टा ओढत होता, तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने विश्वजितची बायको अनुजा आत आली. तिच्या हातात सत्काराची शाल होती. नवऱ्याच्या खांद्यावरची तिने काढून घेतली होती.

“भाऊजी, हे थांबवा.”

“काय थांबवू?”

“ही ओव्हर. त्यांना खेळू देऊ नका.”

बाहेर हलगी कडाडत होती. सत्कार झाला, भाषणं झाली आणि शेवटी तालमीचा अध्यक्ष सम्राट याने माईकवरून जाहीर करून टाकलं, की देशाकडून खेळून नुकताच निवृत्त झालेला विश्वजित सरनोबत आता आपल्या माणसांसमोर निरोपाची एक ओव्हर खेळणार. त्याने विश्वजितला विचारलं नव्हतं. विश्वजितच्या प्रत्येक शतकाला पेठेत पेढे वाटणाऱ्या माणसाला असं काही विचारावं लागतं, हे सुचलंच नव्हतं. मैदानातून जी आरोळी उठली, तिच्यापुढे व्यासपीठावरच्या विश्वजितला हसून उभं राहण्याशिवाय काही करता आलं नाही.

“एक ओव्हर तर हाय, वहिनी. लोकं कुठनं कुठनं आल्यात. कुरुंदवाडची पोरं सकाळधरनं हितं बसल्यात.”

अनुजाने शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही,” ती म्हणाली.

आकारामचा हात पट्ट्यावरच थांबला.

सराव करताना विश्वजितला चेंडू लागला होता, एवढं पेपरात आलं होतं. पुढच्याच आठवड्यात विश्वजितने मालिका अर्धवट सोडून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा लोक आधी चिडले आणि मग हळहळले. आकारामने फोन केला, तर “कंटाळा आला रं” एवढंच उत्तर मिळालं होतं. लहानपणापासूनच्या मित्राला एवढंच सांगावं, याचं त्याला वाईट वाटलं होतं. जयसिंगपूरच्या शाळेत तो पी.टी. शिकवायचा, तिथे मुलं विचारायची, सर, त्यांनी का सोडलं, आणि तो त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळायचा.

“डॉक्टर म्हणालेत, उजव्याला जपा. डोक्याला परत मार बसला, तर त्याचीही खात्री नाही.”

“मला बोलला न्हाय.”

“कुणालाच नाही. म्हणतात, कळलं की टाळ्या थांबतील आणि च्च च्च सुरू होईल. तेवढं मला ऐकवू नको, असं.” तिने शाल छातीशी धरली. “मीही आज तुम्हाला सांगायला नको होतं.”

आकाराम ग्लोव्हज काखेत मारून सम्राटकडे गेला. सम्राट घामाघूम होऊन स्टंप रोवून घेत होता.

“टेनिस बॉलनं खेळवू या.”

“आक्या, खुळा का तू? देशाच्या बॅट्समनला टेनिस बॉल? लोकं मला हाणतील की.”

“मग हेल्मेट तरी दे.”

“फेट्यावर हेल्मेट बसतंय व्हय?” सम्राट हसला. “फेटा बांधूनच खेळायचं, असं पब्लिक म्हणतंय. ऐक जरा.”

खरोखरच चारी बाजूंनी फेट्याचा गजर चालला होता. आकारामच्या ओठांवर खरं कारण आलं होतं. त्याने मांडवाकडे पाहिलं. अनुजा पुढच्या रांगेत येऊन बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. तो स्टंपांकडे वळला.

मैदान फुटबॉलचं. मध्ये काथ्याची मॅटिंग ताणून खिळे ठोकले होते, तरी खालची जमीन कुठे उंच, कुठे खोल. उतरतं ऊन बॉलरच्या पाठीमागून थेट बॅट्समनच्या तोंडावर येत होतं. त्या टोकाला स्नेहल देसाई पावलं मोजत होती. गारगोटीची ही मुलगी नुकतीच राज्याच्या संघात निवडली गेली होती. जिल्ह्यात तिच्याइतकं जोरात टाकणारे मुलगेही थोडेच होते. मांडवात तिने विश्वजितला विचारलं होतं, “सर, मी हळू टाकणार न्हाय. चालंल न्हवं?” आणि तो म्हणाला होता, “हळू टाकलीस तर बॅट टाकून घरी जाईन.”

विश्वजित भगव्या फेट्यात, पायात पॅड बांधून आला, तेव्हा शिट्ट्यांनी कान बसले. आकाराम स्टंपांच्या अगदी मागे जाऊन बसला. फास्ट बॉलरला इतक्या जवळ कीपर उभा राहत नाही.

“तू हितं काय करतोस?” विश्वजित मागे न बघता म्हणाला. “दात पडतील.”

“माझं दात. मी बघतो.”

विश्वजितने गार्ड घेतला. आकारामला त्याची उभं राहायची ढब डोळे मिटूनही सांगता आली असती. पण आज मान वेगळी होती. हनुवटी डाव्या खांद्याच्याही पलीकडे गेली होती, उजवा डोळा बॉलरसमोर यावा म्हणून. टीव्हीवर कुणाला हे कळलं नसतं. हातभर अंतरावरून आकारामला ते लगेच दिसलं.

पहिला चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, पुढे. बॅट फिरली तेव्हा चेंडू आकारामच्या ग्लोव्हजमध्ये पोचलाही होता. गर्दी हसली. विश्वजितदादा आधी जरा खेळवणार, असं लोकांना वाटलं.

स्नेहल दुसरा टाकायला धावली. चेंडू हातातून सुटताच आकाराम दबक्या आवाजात म्हणाला, “फुडं.”

विश्वजितचा पाय आपोआप गेला. कव्हरमधून चेंडू असा निघाला की तिथे उभ्या असलेल्यांनी पाय वर उचलून त्याला वाट दिली. मैदान पेटलं. हलगीवाला वाजवता वाजवता नाचायला लागला.

विश्वजित मात्र मॅटिंगवर बॅट टेकून उभा होता.

“अनुजानं सांगितलं?”

“काय?”

“आक्या, तुला खोटं कवा जमलंय?”

आकाराम पुन्हा खाली बसला. पुढच्या चेंडूलाही “फुडं” म्हणाला, आणि चेंडू सरळ बॉलरच्या बाजूने गेला. सम्राट माईकवरून ओरडत होता, वय झालं म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं म्हणून. अनुजा टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात शालीखाली होते.

चौथा चेंडू स्नेहलने आखूड टाकला नव्हता. मॅटिंगखालच्या उंचवट्यावर टप्पा पडला आणि तो सापासारखा उसळला.

“वाक,” आकाराम ओरडला. या वेळी आवाज दाबायचं भान राहिलं नाही.

विश्वजित वाकला. चेंडू फेट्याचा तुरा हलवून गेला आणि आकारामच्या खांद्यावर आदळला. गर्दीतून एकच आवाज आला, मग हशा, मग टाळ्या. पुढच्या रांगेत अनुजा उभी राहिली होती. शाल खाली पडली होती.

स्नेहल हसली नाही. ती मॅटिंगच्या मध्यावर थांबून आधी विश्वजितकडे आणि मग खांदा चोळणाऱ्या आकारामकडे बघत राहिली. परत जाताना तिची पावलं जड पडत होती. पाचवा चेंडू तिने हळू टाकला, शाळेतल्या पोराला टाकावा तसा. विश्वजितने तो मारला नाही. बॅटने अडवला, स्वतः उचलला आणि तिच्यापर्यंत चालत गेला.

“काय ठरलंतं आपलं?”

“सर, फेटा… लागलं असतं.”

“ते माझं मी बघतो. तुझा जो चांगला हाय, तो टाक.”

परत येऊन तो आकारामला म्हणाला, “आणि तू आता गप.”

“विश्वा, हट्ट करू नगंस.”

“ह्यो एक मला एकट्याला खेळू दे.”

स्नेहल नेहमीपेक्षा लांबून धावत आली. ऊन थेट समोर होतं. चेंडू हातातून सुटला. आकारामला त्याची शिवण दिसली, टप्पा दिसला, कुठे येणार तेही कळलं. त्याने दात आवळले. पडल्यावर चेंडू आत वळला, बॅट आणि पॅडच्या मधून घुसला आणि मधला स्टंप उखडून आकारामच्या गुडघ्यावर आला.

मैदान चिडीचूप झालं. स्नेहलचा हात सवयीने वर गेला होता. तो वरच राहिला.

मग सम्राटचा आवाज घुमला. “बघा मंडळी, ह्याला म्हणत्यात मोठं मन. जाता जाता आपल्या गारगोटीच्या पोरीला दादांनी विकेट बक्षीस दिली.”

लोकांना हवं होतं ते सापडलं. टाळ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी दादांच्या दिलदारीची घोषणा दिली. दोन म्हाताऱ्या स्नेहलच्या पाठीवर हात फिरवत सांगायला लागल्या, नशीबवान आहेस बाई. स्नेहलने हात खाली घेतला. ती मान हलवत होती आणि परत मिळालेला चेंडू पँटला पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती.

विश्वजितने तिच्याकडे पाहिलं. मग तो सम्राटपर्यंत गेला आणि त्याच्या हातातून माईक घेतला. आकाराम पॅडसकट त्याच्या मागे धावला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“विकेट दिली न्हाय,” विश्वजित म्हणाला.

टाळ्या विरत गेल्या.

“आयुष्यात कुणाला दिली न्हाय, आज बी न्हाय. तिनं काढली.” तो थांबला. माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेत अनुजाने खाली वाकून शाल उचलली होती आणि ती तशीच वाकलेली राहिली. “मला बॉल दिसलाच न्हाय.”

हलगीवाल्याने सम्राटकडे पाहिलं. मग हलगीवर थाप पडली आणि मैदान मघापेक्षा मोठ्याने गरजलं. या वेळी स्नेहलच्या नावाने. सरनोबतला बॉल दिसला नाही, म्हणजे केवढा वेग असेल पोरीचा. मघाच्याच म्हाताऱ्या आता तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडत होत्या. सम्राटने फेटा मागवला आणि तिच्या डोक्यावर बांधायला घेतला.

अनुजा सरळ झाली. तिने आकारामकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.

गर्दी जरा फाकली, तसे दोघे मांडवाकडे निघाले. आकाराम मुद्दाम अर्धं पाऊल मागे चालत होता. स्नेहल डाव्या बाजूने धावत आली, अर्धवट बांधलेला फेटा एका हाताने सावरत. तिने चेंडू विश्वजितच्या पुढे धरला. सही हवी होती. विश्वजित तसाच चालत राहिला. ती हात पुढे करून थोडी सोबत चालली आणि मग थांबली.

तिने आकारामकडे पाहिलं. आकारामने नजर वळवली नाही.

ती दोघांच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि चेंडू पुन्हा पुढे धरला.

विश्वजितने तो घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला.

“आत आला का बाहेर गेला?” त्याने हळू आवाजात विचारलं.

स्नेहलने फेटा दोन्ही हातांनी सावरला.

“आत आला, सर. टप्पा पडल्यावर.”

“लई?”

“लई.”

“मग दिसला असता तरी गेलोच असतो,” तो म्हणाला आणि पेनासाठी आकारामपुढे हात केला.