हळदीतला गोषवारा

गोषवारा तीनशे शब्दांत बसवायचा होता आणि प्रसेनजीतचा काही केल्या पाचशेच्या खाली उतरत नव्हता. मूळचा कोडोलीचा हा पोरगा कोल्हापुरात भाषाशास्त्रात पीएच.डी. करत होता, आणि गेली दोन वर्षं सीमेकडच्या घराघरांतून भांडणं ऐकत हिंडत होता. पुण्याच्या परिषदेची मुदत त्या दुपारी संपणार होती. त्याच्या मार्गदर्शक पूर्णिमा मॅडम नेमक्या भाचीच्या हळदीत होत्या. "कार्यालयातच ये," त्या फोनवर म्हणाल्या. "पण उपाशी ये."

फुलेवाडीच्या त्या कार्यालयात सनईची कॅसेट आणि कानडी-मराठीचा कालवा एकदमच चालला होता. मॅडमचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. "मी काही हात लावत नाही. तू वाच," त्या म्हणाल्या. प्रसेनजीतनं मांडीवर लॅपटॉप घेतला आणि सुरुवात केली. "बहुभाषिक कौटुंबिक अवकाशातील भावनिक अभिव्यक्तीच्या संदर्भात..."

शेजारच्या खुर्चीवरचे रुद्राप्पा काका, मॅडमचे थोरले भाऊ, जागे झाले. "काय वाचाय लागलाय पावणं?"

"न्हाय, म्हणजे घरात कानडी बी हाय आन मराठी बी, तर माणूस चिडल्यावर कुठली बोलतंय, ते बघाय लागलोय."

"कानडी की. दुसरी कुठली?" काका म्हणाले.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "आत्ता यांना सांगितलंस ते पहिलं वाक्य. 'बोलतंय'चं 'बोलतो' कर आणि वरचं सगळं काढ."

मग काम भराभर चाललं. मॅडम 'काढ' म्हणायच्या आणि प्रसेनजीत काढायचा. कढईतून भजी निघावीत तसे शब्द निघत होते. शेवटचं वाक्य त्याला स्वतःला फार आवडायचं. तो जरा मोठ्यानंच वाचू लागला. "नवी पिढी मात्र सर्वत्र मराठीतच रागावते."

तेवढ्यात पाटावरून आवाज आला. कुणीतरी नवरीच्या नुकत्याच धुतलेल्या केसांत हळद चोळली होती. पुण्यात बँकेत नोकरी करणारी, फोनवर फाडफाड इंग्रजी बोलणारी रक्षिता ओरडली, "साकु! बिडु!" पुरे, सोड. आणि त्यापुढं जे कानडीत सुरू झालं, ते ऐकून तिच्या आज्जीनं, हिराबाईंनी, कौतुकानं मान हलवली.

प्रसेनजीतनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी त्याच्याकडं. दोघंही हसत सुटले.

"'सर्वत्र'चं 'बहुधा' करतो," तो म्हणाला.

"कर. आणि एक अपवाद सापडलाय, तेही लिही."

शब्द मोजले तर दोनशे अठ्ठ्याण्णव भरले. पण गोषवारा पाठवायला सहलेखक म्हणून मॅडमची संमती लागत होती आणि तिच्यासाठीचा ओटीपीचा आकडा मॅडमच्या फोनवर आला होता. फोन अंगठ्यानं उघडायचा. हळद आणि तेल माखलेला अंगठा त्याला काही ओळखू येईना.

"मग पासवर्ड टाका की मॅडम."

"तो आठवला असता तर अंगठा कशाला लावला असता?"

हिराबाईंनी लेकीचा, म्हणजे मॅडमचा, हात ओढला, डाळीचं पीठ घेऊन अंगठा खसाखसा चोळला, पाण्यात बुचकळला आणि पदरानं पुसला. फोन उघडला. प्रसेनजीतनं आकडा टाकून बटण दाबलं. 'आपला गोषवारा मिळाला' असं पडद्यावर आलं, तेव्हा मुदतीला थोडाच वेळ उरला होता. मॅडमनी आनंदानं उरलेली हळद त्याच्या दोन्ही गालांना फासली आणि काकांनी त्याला जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं.

गोषवाऱ्याची निवड झाल्याचं कळलं तेव्हा तो कोडोलीला घरी होता. तज्ज्ञांनी खास लिहिलं होतं, अपवादाचं उदाहरण भाषणात जरूर सांगावं. त्यानं आईला, अंबूबाईला, सगळा गोषवारा वाचून दाखवला. तिनं भाकरी थापता थापता तो शेवटपर्यंत ऐकला.

"समदं समजलं," ती म्हणाली. "पर आपल्या घरात एकच भाषा, म्हणून मला सोडलंस व्हय?"

"तुझ्या रागाचं एका गोषवाऱ्यात भागंल व्हय आई?"

ती तव्यावरची भाकरी उलटत बराच वेळ हसत राहिली.