दादाची दोन मिनिटं

"दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटंच, साहेब. मागं त्या कवीची श्रद्धांजली वीस सेकंदांत गुंडाळली होती."

"सांगून ठेवलंय रे मी," सभागृहाचा मॅनेजर माईकवाल्याला म्हणाला, "पण सभा त्या उमेदवाराची आहे."

नगर सभागृहाच्या विंगेत माईकचं मशीन सांभाळण्यात माईकवाल्याची एकतीस वर्षं गेली होती. त्याचा थोरला भाऊ तिथलाच रंगारी. मंचामागच्या पडद्यावरची नदी दादाची, दारावरच्या पाट्याही त्याच्याच. रविवारी दादा गेला. सोमवारी चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन होतं, मंगळवारी पाणीप्रश्नावर सभा, बुधवारी गाण्याची स्पर्धा. माईकवाला रोज कामावर आला. "भाऊजी, एकदा रडून घ्या हो," वहिनी म्हणाली होती. पण त्याच्या डोळ्यांतून टिपूस येईना. आत सगळं थिजून गेलं होतं.

आज शुक्रवार, उमेदवाराची सभा. भाषणाआधी घसा खाकरायची सोय म्हणजे श्रद्धांजली, असं माईकवाल्याचं एकतीस वर्षांचं मत होतं.

"आपल्या सभागृहाचे जुने... सेवक," उमेदवारानं हातातला कागद पाहिला, "यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या करकरल्या. माईकवाल्यानं समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर धरली. अठराव्या सेकंदाला उमेदवारानं तोंड उघडलं आणि माईकवाल्यानं बटण फिरवून आवाज बंद केला.

पुढची रांग तेवढी बसली. मागच्यांना काही ऐकूच गेलं नाही, ते उभेच. ते पाहून पुढचेही ओशाळून पुन्हा उठले. उमेदवारानं माईकवर टिचक्या मारल्या, मग तोही मान खाली घालून उभा राहिला.

मॅनेजर धावत विंगेत आला. "अरे, माईक गेला की काय?"

"येतोय."

"कधी?"

"अजून एक मिनिट दहा सेकंद."

मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तोही तिथंच उभा राहिला.

दोन मिनिटं भरली. माईकवाल्यानं आवाज सोडला. "धन्यवाद, बसा," सभागृहभर घुमलं. माणसं बसली, भाषण सुरू झालं, पहिल्याच आश्वासनाला टाळ्या पडल्या.

माईकवाल्यानं स्टूल मागं सरकवलं आणि तो उठला.

"आता कुठं निघालास? बस की," मॅनेजर कुजबुजला.

"मशीनपाशी बसूनच होतो मी," तो म्हणाला. "माझी राहिलीत."

आणि पडद्यावरच्या नदीकडे तोंड करून, हात जुळवून तो उभा राहिला.