सोमवारचं मत्स्यालय

साठीला टेकलेल्या सरूबाईनं उभ्या जन्मात पोहणारं पापलेट पाहिलं नव्हतं. हे ऐकलं आणि पार्ल्याच्या वसुधाबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. वेसाव्याची कोळीण, पार्ल्यात दारोदार टोपली घेऊन फिरलेली, नुसत्या कल्ल्याकडे बघून मासळी आजची की कालची ते सांगणारी, आणि हिला जिवंत मासा माहीत नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तडफडनारं बघलंय ताई, फिरनारं नाय," सरूबाई ओट्यावर टोपली टेकवत म्हणाली. "होडीवर आमच्या बाया जात नायत. जातात ते बाप्ये, आनि ते काय सांगत नायत."

ते सांगत नाहीत हा टोला गावातल्या सगळ्या पुरुषांना नव्हता. तो एकट्या हरेश्वरला होता, म्हणजे तिच्या नवऱ्याला. लग्नानंतर तो पहिल्यांदा समुद्रावरून परतला, तेव्हा नव्या नवरीनं मोठ्या उत्सुकतेनं विचारलं होतं, "दर्यात काय बघलंस?" तो म्हणाला होता, "पानी." पुढची बेचाळीस वर्षं प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. हरेश्वरच्या बापानं त्याला पहिल्यांदा होडीत घेतलं तेव्हाच बजावलं होतं, की दर्यात पाहिलेलं जमिनीवर बोलायचं नाही, दर्या रुसतो. गावातले बाकीचे नाखवे पारावर बसून हातभर माशाला पुरुषभर करायचे, त्यांच्यावर काही दर्या रुसला नाही. पण हरेश्वर बापाच्या शब्दाला चिकटलेला. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, होडी मुलाच्या, सहदेवच्या हाती गेली, हा ओट्यावर जाळी विणत बसू लागला, तरी तोंडाचं कुलूप काही निघालं नाही. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे भिंतीशी गप्पा मारायची सवय हवी, आणि ती सरूबाईला होती.

आता मात्र तिला घाई होती. तिचा उजवा डोळा मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होता आणि डाव्यावर धुकं उतरू लागलं होतं. डॉक्टरांनी पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑपरेशन ठरवलं होतं. दुसरी एखादी बाई डोळा बरा होईल म्हणून खूश झाली असती, पण सरूबाईला सखूबाई आठवायची. सखूबाई तिची थोरली जाऊ. तिचंही असंच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि सखूबाईनं विचारलं, "पट्टी कवा सोडनार?" तेव्हापासून सरूबाईनं मनाशी धरलं होतं, की आहे तेवढ्या नजरेत एकदा जितं म्हावरं बघून घ्यायचं. मग जे व्हायचं ते होवो.

"अहो, मग मत्स्यालयात जा ना," वसुधाबाई म्हणाल्या. "मुंबईत, चौपाटीच्या अलीकडे. काचेच्या मोठ्या पेट्यांत मासे पोहताना दिसतात. घरातल्या सगळ्यांनाच घेऊन जा. एक दिवस मुंबई बघा."

वसुधाबाई शाळेत शिकवत, त्यामुळे कुठलीही गोष्ट लिहून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी आखणी करून दिली. आधी गेटवे, मग दुमजली बस, मग बागेतला म्हातारीचा बूट, शेवटी मत्स्यालय. खाली लिहिलं, 'रविवारी जावे', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

घरी नात सुहासिनीनं तो कागद मोठ्यानं वाचला आणि रविवार ऐकताच सगळं घर हसलं. रविवारी म्हणे. रविवारी अख्खं पार्लं मासळीची वाट बघत असतं, त्या दिवशी कोळणीनं फिरायला जायचं म्हणजे दिवाळीत हलवायानं दुकान बंद ठेवण्यासारखं. शहाण्यासुरत्या बाईला एवढं कळू नये? फिरायला जायचं ते सोमवारी. सोमवार शंकराचा, अर्धी मुंबई मासळीला शिवत नाही. कोळ्याचा खरा रविवार तोच. यावर चर्चासुद्धा झाली नाही. ऑपरेशनचा गुरुवारही असाच ठरला होता, दत्ताचा वार म्हणून.

मग पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सरूबाईनं सणाचं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. सून कृष्णाबाईनं फुलांच्या वेणीचं आधीच सांगून ठेवलं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी न्यायची असं ठरल्यावर सहदेव म्हणाला, "आये, मत्स्यालयात सुकट घेवून जायची? आतल्यांना काय वाटंल?" सरूबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. हरेश्वर जाळं विणत होता. तो हसला की नाही ते तिला नीट दिसलं नाही.

सोमवारी सकाळी पाचही जण निघाले. टोपली नसल्यामुळे सरूबाईचा हात सारखा डोक्याकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. चर्चगेटला उतरून गेटवेला पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. तिच्या धुकट डोळ्याला मुंबई दुधात बुडवल्यासारखी दिसली. मोठमोठ्या इमारतींना कडाच नव्हत्या. कबुतरं उडाली की आभाळाचा एक तुकडा सुटून वर गेल्यासारखं वाटे. बाकीच्यांना दिसली त्याहून तिची मुंबई जरा जास्तच देखणी असावी.

गेटवेच्या कठड्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली.

"यो दर्या आपलाच हाय?" तिनं विचारलं.

"आपलाच," हरेश्वर म्हणाला.

"हितं कसा कापडं घालून बसल्यावानी वाटते."

दुमजली बसमध्ये सुहासिनीनं पळत जाऊन वरची सगळ्यात पुढची जागा पकडली. बस झाडांच्या फांद्यांना घासत चालली, आणि सरूबाईला वाटलं, होडी अशीच चालत असेल. खाली रस्ता, वर पानं, मध्ये आपण. तिनं खिडकीचा गज घट्ट धरला आणि मनातल्या मनात वल्हंसुद्धा मारून घेतलं. म्हातारीच्या बुटाशी सुकट भाकरी खाल्ली. बुटाच्या जिन्यावर चढायला हरेश्वरच्या गुडघ्यांनी नकार दिला, पण सरूबाई पोरांच्या रांगेत उभी राहून वर जाऊन आली. वरून तिला काही दिसलं नाही, फक्त उजेड आणि वारा. खाली आल्यावर ती म्हणाली, "झकास हाय." इतकं सुख तिच्या वाट्याला एका दिवसात कधी आलं नव्हतं, आणि गोड घास तर अजून ताटातच होता.

चार वाजता ते मत्स्यालयापाशी पोचले. फाटकाला कुलूप होतं.

"मावशी, आज सोमवार," आतून पहारेकरी म्हणाला. "सोमवारी बंद असतं. रविवारी यायचं ना, रविवारी सगळे येतात."

सहदेवनं त्याच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. आईचं गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, उद्या मला होडी काढायची आहे, परवा हिला दवाखान्यात दाखल करायचं आहे, पाच मिनिटं आत सोडा. पहारेकरी भला माणूस होता, पण किल्ली साहेबाच्या घरी होती. सुहासिनीला कागदावरच्या त्या दोन रेघा आठवल्या आणि ती रडायला लागली.

"गप गं," सरूबाई म्हणाली. "मासलीला पन येक दिवस सुट्टी नको?"

एवढं बोलून ती फाटकाच्या गजांना कपाळ लावून उभी राहिली. आत अंगण होतं, अंगणापलीकडे दार, आणि दारापलीकडे, पंचवीस पावलांवर, ते सगळं पोहत होतं. तिला फार वाईट वाटलं. वेसाव्यात राहून जे दिसलं नाही ते इथवर येऊन तरी कसं दिसेल, असंही वाटलं. मग तिनं पदरानं चष्मा पुसला, उगाचच, कारण धुकं काही चष्म्यावर नव्हतं.

सगळे रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसले. ऊन कलू लागलं होतं.

"मुशी झोपत नाय," हरेश्वर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता.

"काय?" सरूबाई म्हणाली.

"मुशी. ती मोठी दातवाली मासली. थांबत नाय कवा. रातचीपन फिरतच ऱ्हाते. तुज्यावानी."

सरूबाईनं झटकन त्याचा दंड धरला. "बोलू नको. तुज्या बापानं सांगितलंय. सहदेव दर्यात जाते उद्या."

"दर्या मना वलखते. रुसला तर मी समजावीन त्याला," हरेश्वर म्हणाला. "तू डोलं मीट."

तिनं डोळे मिटले. आणि बेचाळीस वर्षं मुकाट राहिलेला तो माणूस सांगू लागला. बोंबील पाण्यात दिसतच नाही, काचेचा असतो, नुसते दोन डोळे येतात आणि जातात. रुंद, चपटी पाखट पोहत नाही, वाऱ्यावर लुगडं वाळत घातल्यासारखी हलत जाते. दहा पायांचं माकूल उलटं चालतं आणि घाबरलं की रंग बदलतं. मांदेली हजारांनी एकत्र असतात, कोणी हुकूम द्यावा तशा एकदम वळतात, आणि वळल्या की सगळं पाणी सोन्याचं होतं. बांगड्यांचा थवा वर आला की निवांत समुद्रावर सर पडल्यासारखा आवाज येतो. हे तो घाईघाईनं सांगत नव्हता. जाळं विणावं तसं एकेक गाठ मारत, ओढून बघत, मग पुढे.

मिटलेल्या डोळ्यांत धुकं नव्हतं. सरूबाईला सगळं लख्ख दिसत होतं. पाखट तिच्या डोक्यावरून गेली, मांदेली तिच्या पदरापाशी वळल्या. मघाची दुमजली बससुद्धा त्यांच्यात सावकाश पोहत निघाली होती. तिच्या गालांवर ऊन होतं आणि नातीचं डोकं तिच्या मांडीवर. सहदेवनं हे सगळं स्वतः पाहिलेलं होतं, तरी तोही गुडघे पोटाशी घेऊन लहान मुलासारखा ऐकत होता.

"आनि पापलेट?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

हरेश्वर थांबला. "ते आज नाय."

"का?"

"ते गुरवारी."

मंगळवारी सहदेवनं होडी काढली आणि बुधवारी तो सुखरूप परत आला. दर्या रुसला नव्हता. गुरुवारी सकाळी सरूबाईला आत नेलं, दुपारी बाहेर आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली होती. पाच दिवसांनी सोडू, तोवर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती खाटेवर उताणी पडून होती. नर्सनं मान हलवायची नाही म्हणून बजावलं होतं. काळोख इतका दाट होता, की तिला आपला हात आपल्याच अंगावर आहे याची चाचपून खात्री करावी लागली. सखूबाईचा तो प्रश्न तिच्या कानांत पुन्हा पुन्हा येत होता.

मग लंगडी पावलं ऐकू आली. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. जाळ्याच्या दोऱ्याचा ओळखीचा वास आला आणि एका खरबरीत हातानं तिचा हात धरला. माणूस काही बोलला नाही. पहिल्यासारखा.

"सहदेवच्या बापा," ती म्हणाली. "आज गुरवार हाय."

हरेश्वरनं घसा साफ केला.

"पापलेट एकटं फिरत नाय," त्यानं सुरुवात केली.

सरूबाईनं पट्टीखाली डोळे मिटून घेतले आणि ती ऐकू लागली.