नणंदेचं दुखणं

लग्नानंतर नऊ वर्षं निशिगंधाचं पोट दर महिन्याला असं दुखायचं, की भाताची लावणी करताकरता ती चिखलातच गुडघ्यांवर बसायची. सासू प्रयागबाई म्हणायची, "बायकांना दुखतंच गो. नाटकं नको करू." नवरा हर्षद मुंबईला. तो फोनवर म्हणायचा, "आईला विचार."

शेवटी ती बांधावर बेशुद्ध पडली, तेव्हा तिला महाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर वाढला होता. "फार उशीर केलात," त्या म्हणाल्या. तेहतिसाव्या वर्षी निशिगंधाची पिशवी काढली. मूल नव्हतंच. आता होणारही नव्हतं.

दोन वर्षांनी तिची नणंद सेजल, बारावीतली पोर, पोट धरून ओट्यावर आडवी झाली. प्रयागबाईने त्याच दुपारी पोलादपूरहून गाडी मागवली. "तुला डॉक्टर माहीत हाय, तू चल," ती निशिगंधाला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली. "तुझ्या वहिनीचाच आजार दिसतोय. पण लवकर आलीस, गोळ्यांनी आटोक्यात राहील. शिवाय नवं संशोधन चाललंय. औषध शरीरात सोडायचं, ते रोगट जागी साठतं. मग लेझरचा प्रकाश टाकला की ते जागं होतं आणि तेवढाच भाग नष्ट करतं. पिशवीला धक्का नाही."

"मग करा ना!" प्रयागबाई म्हणाली.

"अजून उंदरांवरच चाललंय, आजी. माणसांवर कधी येईल, येईल की नाही, आज सांगता येत नाही."

परतताना प्रयागबाईने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "माझ्या पोरीला किती सोसावं लागतंय गो!"

"मी नऊ वर्षं सोसलं," निशिगंधा म्हणाली.

"तुझं येगळं होतं."

"काय येगळं होतं, आत्या? डाक्टर आत्ताच बोलली ना, तोच आजार हाय म्हणून?"

प्रयागबाईने लेकीच्या अंगावर पदर ओढला. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज वाढवला.

सेजलने हात पुढे केला. "वयनी, लय दुखतंय गो."

किती दुखतं हे सेजलशिवाय त्या गाडीत एकट्या निशिगंधालाच ठाऊक होतं. पोरीचा यात काय दोष, हेही तिला कळत होतं. तिने हात हातात घेतला, पण माया काही केल्या येईना. पिशवी शाबूत राहणाऱ्या त्या उंदरांचाही हेवा वाटला तिला. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.