रोकालेन्टाची घंटा

अमिरातीत, खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात एका शेठने इटलीतल्या एका गावासारखं हॉटेल उभं करायला घेतलं होतं. गावाचं नाव रोकालेन्टा. मूळ गाव उतारावर घरावर घर रचून बसलेलं, तसंच हे हॉटेल. पायऱ्यांच्या गल्ल्या, माथ्यावर चौक, चौकाला लागून घंटेचा दगडी मनोरा आणि खाली कोरडी खोल वादी, म्हणजे पाणी नसलेल्या ओढ्याची घळ. तुकाराम तिथे गवंडी होता.

सुपरवायझर मुनीर रत्नागिरीकडचा. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी त्या गावची हकिकत सांगे.

"खरं गाव नदीच्या वर, ठिसूळ डोंगरावर. जुन्या काळी एकदा पावसाची झड लागली नि दरड आली. पाद्रीने घंटा बडवली. चौकात पळाले ते वाचले. सामानासाठी खाली गेले ते खलास. तेव्हापासून ती घंटा लग्नालासुद्धा वाजवत नाहीत. इथेपण तोच रूल. घंटा झाली की हातातलं टाकायचं नि वर यायचं. खाली कोणी जायचं नाही. यल्ला, कामाला!"

बाकीचे हसले. तुकारामला हसू आलं नाही. त्याच्या आजोळची वाडी एका रात्रीत लाल मातीखाली गेली होती. या उताराकडे पाठ करून तो कधी बसत नसे.

त्या सकाळी त्याचा मेहुणा, बायको सगुणेचा धाकटा भाऊ मिथुन, कमरेला दोर बांधून खालच्या गल्लीच्या कठड्यावरून वादीच्या अंगाला उतरत होता. भिंतीच्या बाहेरच्या सांध्यांत चुना भरायचा होता. दोर अडकवायचा हूक अजून बसला नव्हता. म्हणून दोराचा एक वेढा नुकत्याच लावलेल्या ऑलिव्हच्या झाडाला दिला होता आणि टोक राहिल नावाच्या मजुराच्या हातात होतं.

"दाजी, इटलीच्या तळघरात चाललो. नाही आलो तर माझी गादी तुम्हाला!"

"थोबाड बंद ठेव नि पायाखाली बघ."

तुकाराम घमेलं घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्या सांधायला गेला. दार ठेंगणं होतं. तो उंबऱ्यापाशी बूट काढून वाकला, आत शिरला. डोक्यावर दोरी लोंबत होती. जन्मभराची सवय. हात आपसूक वर गेला. मनात नमस्कार म्हणायच्या आत घंटा घणघणली.

गल्ल्यांतून पावलांचा धडधडाट उठला. माणसं थापी, टोपल्या टाकून वर पळत होती. त्यात राहिल होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

तुकारामने ते दारातून पाहिलं. तो अनवाणी, माणसांना ढकलत खाली धावला. झाडाभोवतीचा दोर सरसर सरकत होता, झाड मुळांसकट कलत होतं. त्याने टोक पकडलं. तळहाताची साल निघाली. पाय कठड्याला रोवले तेव्हा कुठे दोर थांबला.

"मिथुन!"

खाली दगड घरंगळले. मग खोकला. "दाजी... पाय टेकत नाहीत."

"वर बघ. खाली बघू नको."

"तुकाराम, वर ये!" चौकातून मुनीर ओरडला. "खाली थांबू नको!"

"मिथुन लटकलाय! या कोणीतरी!"

कोणी हललं नाही. सगळे डोंगराकडे बघत होते, माती कुठून सुटते म्हणून. त्यांना नियम पाठ होता, आणि भीतीही खरी होती. दोर पुन्हा वीतभर सरकला. झाडाच्या मुळाशी माती फुटली.

खरं सांगितलं तर नोकरी जाणार, परतीच्या विमानात बसवणार, हे त्याला कळत होतं. त्याने छाती फाटेस्तोवर हाक दिली.

"दरड नाही! घंटा मी वाजवली! देऊळ समजून वाजवली रे! या!"

 मग मुनीर पायऱ्या गाळत उतरला, मागून राहिल, मागून चौघे. "तुकाराममामू, सोडू नको, सोडू नको!" राहिल ओरडला. दोरावर हात पडले. ओढता ओढता कठड्यावर आधी पिवळं हेल्मेट आलं, मग चुन्याने पांढरा झालेला चेहरा.  मिथुन जमिनीला बिलगून पडला.

"सोड आता," मुनीर हळू म्हणाला.

तुकारामला सोडायचं होतं. बोटं उघडत नव्हती. मुनीरने ती एकेक करून सोडवली.