चार बोटांची ढील

मी तामलवाडीच्या माणिकप्पांची मालमोटार. पुढं दोन माणसांची बैठक, मागं उघडा लाकडी हौदा. अभिमानानं सांगावं असं माझ्याजवळ फार काही नाही. पण एका भल्या माणसाची अब्रू माझ्यामुळं गेली आणि तेव्हा मला तोंड नव्हतं. म्हणून आज बोलते.

माझा जन्म परमुलखातला. बोटीतून आले. सोलापूरच्या एका ठेकेदारानं सात वर्षं माझ्यातून दगड वाहिले. मग मोठी लढाई सुरू झाली त्या साली माणिकप्पांनी मला विकत घेतलं. त्यांचं तामलवाडीत भुसाराचं दुकान होतं. शेंगांची अन् करडईची पोती येडशीच्या स्टेशनावर पोचवायची, येताना मीठ आणि रॉकेल आणायचं, हे माझं काम. निजामी अंमलात त्या रस्त्याला मोटारी इतक्या थोड्या, की माझा आवाज आला की रानातली माणसं हातातलं खुरपं थांबवून बघायची.

खाजाभाई माझे ड्रायव्हर. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. दुपारची नमाजची वेळ झाली की मला झाडाखाली उभी करायचे आणि माझ्याच सावलीत चादर अंथरायचे. शिंदीच्या थेंबाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. हे मी शपथेवर सांगते. दिवसभर ते माझ्यातच बसायचे, मला ठाऊक असणार नाही तर कुणाला?

दगड वाहून वाहून माझी पुढची हाडं खिळखिळी झाली होती. स्टेरिंग फिरवलं की एक दांडी ती हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेते. दांडीच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, तो वाटीत घट्ट बसलेला लागतो. माझा गोळा झिजून चपटा झाला. स्टेरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नसत आणि मग एकदम वळत. सरळ रस्त्यावरही मी नागमोडी चालायला लागले.

खाजाभाईंनी मालकांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मालक म्हणाले, हंगाम संपू दे. दुसऱ्यांदा म्हणाले, लढाईमुळं सामान मिळत नाही. ते खोटं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी वाटेवरच्या एका कारागिराला बोलावलं. त्यानं खाली वाकूनही बघितलं नाही. स्टेरिंगच्या दांड्याखाली दातेरी चाकांची पेटी असते, तिच्यातला वरचा स्क्रू आवळला आणि गेला. चार दिवस बरं वाटलं. मग स्टेरिंग वळणावर अडकायला लागलं. वळलं की परत सरळ येईना. खाजाभाईंनी तो स्क्रू मुकाट्यानं पुन्हा सैल केला आणि तसंच चालवत राहिले. वळण यायच्या आधीच ते चार बोटं फिरवून ठेवायचे. तीन वर्षं त्यांच्या हातांनी माझं व्यंग झाकलं.

पण लांबून बघणाऱ्याला हात दिसत नाहीत. त्याला डुलणारी गाडी दिसते. नाक्यावर थांबलेले बैलगाडीवाले हसायला लागले. खाजाभाई सकाळीच लावतो म्हणे, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तुळजापूरच्या बाजारापर्यंत गेलं.

त्या वर्षी खाजाभाईंच्या मुलीची, ताहेराबीची, सोयरीक नळदुर्गच्या सरदारभाईंच्या मुलाशी ठरली होती. सरदारभाई सरळ माणूस. कानावर आलेलं त्यांनी मनात ठेवलं नाही, थेट माणिकप्पांच्या दुकानी आले. मी दारातच उभी होते.

"शेटजी, तुमचा ड्रायव्हर पितो काय? तुमी सांगाल ते मी खरं मानतो."

मालकांना सगळं ठाऊक होतं. गाडी ढिली आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की अशी गाडी तुम्ही रस्त्यावर सोडता कशी? मालक तराजू पुसत राहिले.

"आता मी काय त्येच्या मागं मागं फिरतो व्हय?" ते म्हणाले.

सरदारभाई उठले. आठ दिवसांत सोयरीक मोडली.

खाजाभाईंनी माझी किल्ली दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवली. रागावले नाहीत. जाताना बाहीनं माझी काच पुसून गेले. मला तेव्हा गंजून जावंसं वाटलं.

श्रावणात मालकिणीनं, उमाबाईंनी, येडशीजवळच्या रामलिंगाला जायचं काढलं. मालक थोडंफार चालवायला शिकले होते, तेच बसले. नाका ओलांडेपर्यंतच मी डुलायला लागले. घाट सुरू झाला. पहिल्या मोठ्या वळणावर मालकांनी स्टेरिंग फिरवलं, चाकं वळली नाहीत. त्यांनी घाबरून आणखी फिरवलं आणि मग मी एकदम दरडीवर जाऊन आदळले. दुसऱ्या अंगाला दरी होती. त्या बाजूला गेले असते तर आज ही गोष्ट नसती.

उमाबाईंचं मनगट मोडलं. त्या कण्हल्या नाहीत. हात छातीशी धरून मालकांकडं बघत राहिल्या.

"मग आज तुमी पिऊन बसलाव का?"

सरदारभाईंना काय उत्तर दिलं, ते मालकांनी बायकोला तिथंच, त्या वळणावर सांगितलं. परतताना उमाबाई बैलगाडीत मालकांकडं पाठ करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी माणिकप्पा खाजाभाईंच्या दारी गेले, गाडी नीट करायला चला म्हणाले. खाजाभाईंची बायको शरिफाबी आत गेली ती बाहेर आलीच नाही. खाजाभाई मात्र पायात वहाणा घालून निघाले. मला बैलांनी ओढून दुकानामागं आणलं होतं.

"मालक, हे एकट्याचं काम न्हाय," खाजाभाई म्हणाले. "एकानं वर बसून स्टेरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली निजून बघायचं. तुमी खाली जावा."

पांढऱ्या धोतरातले माणिकप्पा मातीत उताणे झाले. वर खाजाभाई स्टेरिंग डावीकडं, उजवीकडं हलवू लागले. दांडी हलत होती, वाटीतला गोळा खडखडत होता आणि चाक ढिम्म होतं. सगळं उघडं पडलं होतं. कुणी पाच वर्षांचं पोर असतं तरी त्याला कळलं असतं. स्टेरिंग थांबलं तरी मालक बराच वेळ खालून निघाले नाहीत.

सोलापूरच्या लेथवर नवा गोळा अन् वाटी करून घेतली. पेटीचे सैल बोल्टही आवळले. दोन दिवसांचं काम. तीन वर्षं जे झालं नाही ते दोन दिवसांत झालं.

मी बरी झाले, खाजाभाई पुन्हा कामावर आले, पण पहिल्याच दिवशी एक विपरीत घडलं. सवयीनं खाजाभाईंनी वळणाआधी चार बोटं स्टेरिंग फिरवलं आणि मी लगेच वळले. रस्ता सोडून शेतात घुसले. कडेला उभी असलेली माणसं पुन्हा हसली. आता चूक माझी नव्हती, त्यांच्या हातांची होती आणि ती खोड मीच लावलेली. हात सुधारायला त्यांना महिना लागला.

पुढच्या बाजारच्या दिवशी माणिकप्पा चावडीसमोर उभे राहिले. "खाजाभाई कवाच पीत नव्हते," ते म्हणाले. "गाडी ढिली हुती. गाडी माझी, आन् मला ठाऊक हुतं." मग ते नळदुर्गला जाऊन सरदारभाईंपुढंही तेच बोलले. पण तोवर त्या मुलाचा निकाह दुसरीकडं झाला होता.

दोन वर्षांनी ताहेराबीचं लग्न अणदूरला ठरलं. मालकांनी मला धुऊन पुसून, हौद्यात सतरंजी घालून खाजाभाईंच्या दारात उभं केलं. ताहेराबी बाहेर आली. माझ्याकडं बघितलं आणि बापाला हळूच म्हणाली, "अब्बा, मी बैलगाडीनं जाते." खाजाभाईंनी आग्रह केला नाही. बैलगाडी निघाली. मी रिकामी मागं उभी राहिले.

आता खाजाभाई नाहीत. मी दुकानामागं उभी आहे, माझ्या हौद्यात कडबा रचलाय. तुमच्या दारची एखादी गाडी डुलत असेल, तर आधी तिच्याखाली निजून बघा, मग चालवणाऱ्याला नावं ठेवा. आणि अणदूरला कुणी जाणार असेल, तर ताहेराबीला माझा एक निरोप द्या. तिचे अब्बा शेवटपर्यंत माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.