पुरं नाव सांगा

माझा सयाजी फौजेत तारा जोडायचा. रिटायर होऊन आला तवा साखर कारखान्यानं त्याला सांगलीच्या हापिसात घेतला, पन नोकरी कच्ची. सायेब म्हनाला, सांगलीत टाइप केल्यालं कुंडलच्या मशीनवर आपोआप उमटवून दाव, मग पक्का करतो. कुनाचा ऊस कवा तोडायचा ती यादी रोज तशी धाडायची हुती. कुंडलात, आमच्या गावी, मशीनवर बसाय कोन मिळंना. आमची सून अंजना टायपिंग शिकल्याली, तिलाच बसवलं. लेकीबाळीनं एकटीनं हापिसात बसायचं म्हंजे काय? म्हून मी संगं गेले. मला कुनी बोलावलं न्हवतं, पन मी कुनाचं ऐकतीया!

चाचनीच्या दिवशी अर्धं गाव दारात. फोन वाजला. यादी भलत्याच्या हाती जाऊ नये म्हून नेमच तसा केल्याला, घेनाऱ्यानं आदी फोनवर पुरं नाव सांगायचं, मगच सांगलीवाला मशीन सोडनार. सायबादेखत सयाजीनंच विचारलं, “कोन बोलतंय? पुरं नाव सांगा.”

“अंजना.”

“पुरं नाव.”

पोरीनं पदराचं टोक दातात धरलं. चार पुरुषांत नवऱ्याचं नाव घ्यायचं, आन् नवराच ऐकतूया! तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळं वटारलं.

फोनमधनं सायेब वराडला, ते मला बी ऐकू आलं. “स्वतःचं नाव सांगता येत नाही त्या बाईला? गुंडाळा ते मशीन, आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका!”

मग सयाजीचा आवाज, अगदी बारीक. “आई बसलीया न्हवं तिथं?”

सांगलीत बसून वळखलं त्यानं. भुई दुभंगावी आन् मी आत जावं असं झालं. गावापुढं सुनंचा पदर सांभाळाय गेले आन् लेकाच्या अन्नात माती कालवली.

“घे की गं नाव! माझ्या तोंडाकडं काय बघतीस?” तवाबी मी खेकसलेच.

तिनं डोळं मिटलं. “अंजना सयाजी शेवाळे.”

मशीन खडखडाय लागलं. कागद वर सरकला, त्यावर नावं उमटाय लागली. “आलं रं, आलं!” दारातनं कालवा उठला. सायेब फोनमधनं म्हनाला, “शेवाळे, पक्के झालात.”

लोक टाळ्या वाजवत हुती. अंजना उठली, डोईवरचा पदर पुढं वडला आन् समद्यांदेखत माझ्या पायावर वाकली.

“चुकलं माझं, आत्याबाई. नाव घेतलं.”

लाजंनं मी पाय लुगड्याखाली वडून घेतलं. त्या पोरीनं शिवावं असं त्यात काय हुतं?